खेमसिंगच्या नुकसानीतली चिमुकली नोट

माणूस रिटायर झाला म्हणून त्याचे पाय रिटायर होतात असं काही नाही. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यात खेमसिंग राठोड रोज सकाळी ओट्यावर उभा राहून चहा पितो. लाल प्लास्टिकची खुर्ची शेजारीच असते, पण तिच्यावर बहुधा मांजर बसलेलं असतं. जन्म गेला एसटीत, दोन बाकांमधल्या वाटेत, पाठ दांड्याला टेकवून आणि एक गुडघा जरासा वाकवून. आता बसलं तरी पोटऱ्या ठणकतात आणि उभं राहिलं तरी ठणकतात, मग उभं राहिलेलं काय वाईट, असं त्याचं म्हणणं. थकवा हाडात उतरलेला, पण दुपारी आडवा झाला की डोळा लागत नाही. डोळा लागलाच तर स्वप्नात कोणीतरी शंभराची नोट देऊन पाच रुपयांचं तिकीट मागतो.

कंडक्टर म्हणून तो कसा होता, हे विचारायचं तर दिग्रस डेपोत जुनं माणूस शिल्लक असेल तर विचारावं. गोड बोलणारा नव्हता. सुट्ट्यांवरून त्याने बायाबापड्यांनासुद्धा सोडलं नाही. पण एक गोष्ट त्याची पक्की होती. कातडी बॅगेतला पैसा महामंडळाचा आणि बनियनच्या आतल्या खिशातला आपला. ड्युटीवर चढताना खिशात काय आहे ते लिहून द्यावं लागतं, आणि वाटेत तपासणी झाली तर खिशात तेवढंच निघावं लागतं. दोन्हींची सरमिसळ झाली की नोकरी गेलीच समजा. लहानपणी त्याचा मुलगा राजकुमार कधी सोबत असला आणि गोळ्यांसाठी बॅगेकडे हात करू लागला, की खेमसिंग त्याचा हात बाजूला सारायचा. "हे आपलं नोहे रे. आपलं अठी हाय," म्हणून बनियनच्या खिशातून नाणं काढून द्यायचा. पोराने हे इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे बॅग समोर दिसली तरी तो बापाच्या छातीलाच हात लावायचा.

आता बॅगेत आलेला पैसा महामंडळाचा हे खरं, पण तो चालणारा असला तरच. गर्दीत कोणी नेपाळची नोट सरकवून दिली, कोणी दोन वेगळ्या नोटांचे अर्धे तुकडे चिकटवून दिले, कोणी मुलांच्या खेळातली नोट घडी घालून हातात कोंबली, तर संध्याकाळी डेपोचा कॅशियर ती बोटाने बाजूला उडवायचा, आणि तेवढे पैसे खेमसिंगने बनियनच्या खिशातून भरायचे. दुसरे कंडक्टर अशी नोट उद्याच्या गर्दीत पुढे ढकलून द्यायचे. खेमसिंगला ते जमलं नाही. त्याने त्या घरी आणल्या, आणि एका लग्नाचे फोटो फुकट गेले म्हणून फोटोवाल्याने फेकलेला अल्बम आणून त्यात एकेक खोचून ठेवल्या. त्याची बायको हंसाबाई या अल्बमला 'नुकसान' म्हणते. पाहुणे आले की आतून ओरडते, "काढा तुमचं नुकसान, दाखवा लोकायले!"

आणि तो दाखवतो. खरं सांगायचं तर त्या एका वेळीच हा माणूस जरा फुलतो. ही आर्णीच्या उरुसातली, देणारा टोपीवाला होता, त्याच्या कडेवर पोर होतं म्हणून मी नीट पाहिलं नाही. ही बांगलादेशची, दारव्ह्याच्या स्टँडवर चढलेल्या भांडीवालीने दिली, तिचा पुढचा दात सोन्याचा होता. ही सौदीची, देणारा म्हातारा बिचारा खरंच चुकला होता, पण मी उतरून शोधलं तोवर तो गेलेला. प्रत्येक नोटेला एक थांबा आणि एक चेहरा. तांड्यातली माणसं हसतात, पण ऐकतात.

माघात, तूर निघून गेल्यावर, एका दुपारी झोप येईना म्हणून त्याने अल्बम उघडला, आणि शेवटच्या पानावर त्याला एक नोट दिसली. नोट कसली, चिटोरं. जुन्या एसटी तिकिटाच्या निम्म्याएवढी, अंगठ्याखाली ठेवली तर जवळजवळ झाकली जाईल. एका बाजूला दाढीवाला माणूस, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल असं काहीतरी. अक्षरं इंग्रजीसारखी, पण वाचून काही अर्थ लागेना. दहाचा आकडा मात्र स्पष्ट होता.

खेमसिंगने आठवायला सुरुवात केली. कोण होता तो? कुठल्या थांब्यावर चढला? एवढंसं चिटोरं आपण नोट म्हणून घेतलंच कसं? त्याने डोळे मिटून आर्णीचा उरूस आठवला, पुसदचा बाजार आठवला, लग्नसराईतल्या टपापर्यंत भरलेल्या गाड्या आठवल्या. चेहरा येईना. संध्याकाळपर्यंत येईना. दुसऱ्या दिवशीही येईना, आणि तेव्हा तो घाबरला.

त्याचं कारण धरमसिंग. खेमसिंगचा हा थोरला भाऊ. शेवटच्या वर्षांत त्याने आपल्या पोटच्या मुलीला विचारलं होतं, "कोन्या तांड्याची हायस वं बाई?" पहिल्यांदा सगळे हसले होते, खेमसिंगही हसला होता. पुढे धरमसिंग स्वतःच्या घराची वाट विचारत दुसऱ्यांच्या ओट्यावर बसू लागला, आणि कोणी हसेनासं झालं. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती, एखाद्या बारीकशा गोष्टीपासून. खेमसिंगला आता ते घरात शिरल्यासारखं वाटू लागलं. तो ओट्यावर उभा राहून दिग्रस ते यवतमाळ सगळे थांबे पुटपुटायचा, मग उलटे पुटपुटायचा. थांबे बरोबर यायचे. पण नोट आठवत नव्हती, आणि त्याची भीती काही जात नव्हती.

आता कोणी म्हणेल, एवढी भीती वाटत होती तर बायकोला विचारायचं. घरात माणसं दोनच. पण विचारलं असतं तर तो खेमसिंग कसला! तांड्यात गोष्ट फुटेल, लोक म्हणतील कंडक्टर भावाच्या वाटेने चालला, हे एक. दुसरं असं की त्या घरात बरंच काही न विचारताच चालत होतं. मोठा फोन हंसाबाईकडे होता. त्यावर मुलाचा फोन यायचा. ती तो घेऊन कडुलिंबाखाली जायची, खेमसिंग बाहेर आला की आवाज बारीक करायची. मुलगा ज्या देशात कामाला गेला होता त्या देशाचं नाव खेमसिंगने तोंडाने कधी घेतलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "हाय तिकडं." सात वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते.

झालं होतं ते असं. राजकुमार आयटीआय करून दिग्रसला कंपनीत लागला असं त्याने घरी सांगितलं होतं. रोज डबा घेऊन जायचा. खेमसिंगच्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरलेले. एका सकाळी पुसदची गाडी लागली होती, निम्मी रिकामी, आणि स्टँडच्या फाटकाबाहेरून आवाज आला, "पुसद, पुसद, बसा लवकर, निघालीच!" आवाज ओळखीचा वाटला म्हणून खेमसिंग खाली उतरून बघायला गेला. काळीपिवळी जीप, दुसऱ्या कोणाची, आणि दाराला लटकून एसटीची माणसं ओढणारा त्याचा स्वतःचा मुलगा. हंसाबाईला ते माहीत होतं. डबा ती जीपसाठीच बांधत होती.

चारचौघांत, प्रवाशांसमोर, डेपोच्या माणसांसमोर खेमसिंग बोलला, "चौतीस वर्षांत मले लय लोकायनं फसोलं. पन घरच्यानं पहिल्यांदा. आपलंच नाणं खोटं, दुसऱ्याले काय बोलू!" जीप तशीच उभी ठेवून राजकुमार पायी निघून गेला. त्यानंतर काही महिन्यांनी एका एजंटामार्फत तो परदेशी गेला, बांधकामावर सळ्या बांधायला. जाताना आईच्या पाया पडला. खेमसिंग तेव्हा ओट्यावर उभा होता आणि रस्त्याकडे बघत होता.

तर अशा घरात, एका चिटोऱ्याबद्दल, तो काय विचारणार? त्याने नोट प्लास्टिकच्या पाकिटासकट अल्बममधून काढली, वहीच्या पुठ्ठ्यात ठेवली आणि सकाळच्या गाडीने पुसदला निघाला. कंडक्टर नवा पोरगा होता. आधार कार्ड बघून त्याने मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची अर्धी तिकिटं फाडलेल्या माणसाला आपण अर्धे झालो हे काही बरं वाटलं नाही. बसायला जागा होती तरी तो घाट संपेपर्यंत उभाच राहिला.

पुसदला वामनरावांचं कापडाचं दुकान आहे. वामनराव पूर्वी खेमसिंगच्याच गाडीने यायचे-जायचे, आणि त्यांना जुन्या नाण्या-नोटांचा नाद. गिऱ्हाइकाला परकर दाखवता दाखवता गल्ल्याखालून ट्रे काढून निजामाचं नाणं दाखवतील असा माणूस. त्यांनी खेमसिंगला पाहून पोऱ्याला चहा सांगितला.

"काय कंडक्टरसाहेब, किती दिवसानं! नवीन नुकसान घेऊन आले काय?"

"नवीन हाय का जुनं, तेच समजून नाई राह्यलं," खेमसिंग म्हणाला आणि पुठ्ठा पुढे केला. "हे नोट हाय का खेळ हाय, ते सांगा. मले लागली तं कवा लागली असन, तेही सांगता आलं तं पाहा."

वामनरावांनी भिंग लावलं. नोट उलटी केली, सुलटी केली. गळ्यातली कापडाची टेप काढून नोटेची लांबी-रुंदी मोजली, आणि मोजता मोजता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अरे बाप्पा! ही तं मी फक्त पुस्तकात पाह्यली होती. नोटच हाय, खरी. पहिल्या महायुद्धातली. लढाईत सारा धातू गोळ्यायले लागला, मंग चिल्लर बनवाले धातू नाई, म्हणून ही अशी कागदाची चिल्लर छापली. दहा बानी. आपल्या दहा पैशासारखं समजा. हा दाढीवाला त्यायचा राजा. जगात ज्या लहान्यात लहान्या नोटा निंघाल्या, त्यातली ही एक."

"कुठची?"

"रोमानियाची."

वामनराव किंमत फार नसते, पण इकडे मिळत नाही, असं काहीबाही सांगत होते. खेमसिंगच्या कानावर त्यातलं काही पडत नव्हतं. हे नाव त्याने ऐकलं होतं. कडुलिंबाखालून, बारीक केलेल्या आवाजात, सात वर्षं ऐकलं होतं.

"तुमच्या गाडीत रोमानियाचा मानूस कवा चढला जी?" वामनरावांनी हसत विचारलं.

"चढला नाई," खेमसिंग म्हणाला. "उतरला. घरचाच." आणि चहा तसाच टाकून तो उठला.

परतीच्या गाडीत तो बसला. आधी त्याला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. डोकं शाबूत होतं. जी नोट कोणी दिलीच नाही, तिचा चेहरा कुठून आठवणार? धरमसिंगची वाट अजून आपली नव्हती. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ती नोट कोणीतरी मुद्दाम त्याच्यासाठी ठेवली होती, आणि तो मात्र इतके दिवस फसवणारा शोधत बसला होता. बरं वाटलेलं सगळं त्या विचाराने उतरून गेलं, आणि दिग्रस येईपर्यंत तो नुसता थकून बसून राहिला.

घरी हंसाबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. दिवस कलत होता. घरातलं बोलणं त्यांचं गोरबोलीतलं, पण चार माणसांना कळावं म्हणून इथे वऱ्हाडीत लिहिलं आहे; आईला म्हणायचा 'याडी' हा शब्द तेवढा तसाच ठेवला आहे.

"हे कोनं ठेवली?" त्याने पुठ्ठा पुढे धरून विचारलं.

सूप थांबलं. "इच्यारलं एकदाचं," हंसाबाई म्हणाली. "मी ठेवली. तो शेजारच्या तांड्यातला उत्तमसिंग आलता ना तिकडून, लग्नाले, त्याच्या हाती राजूनं पाठोली. म्हने, याडी, सांगू नको काई. बाच्या अल्बमात ठेवून दे. पाहू, इच्यारते का."

"मंग तू बोलली काहून नाई? मी इकडं डोकं फोडून राह्यलो! मले वाटलं मी धरमभाऊसारखा..."

हंसाबाईने त्याच्याकडे बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसलं. पण सात वर्षं कडुलिंबाखाली उभं राहून तिचेही पाय दुखलेले होते. ती मऊ झाली नाही.

"मी कायले बोलू? दोघाच्या मधात मीच बोलू काय जनमभर? थकली मी आता. उत्तमसिंगच्या हातच्या चॉकलेटी तुमी खाल्ल्या, लग्नाच्या म्हणून. त्याबी त्यानंच पाठोल्या होत्या. तुमाले फसोलं त्या एकेकाचं तोंड तुमच्या ध्यानात हाय, सोन्याच्या दातासकट. पन कोनं काई देल्लं, ते तुमच्या ध्यानातच येत नाई."

खेमसिंग उभा होता. खुर्चीवरचं मांजर त्याने हाकललं आणि तो बसला. मग तो म्हणाला, "लाव फोन."

तिकडे दुपार होती. फोनवर आधी नुसता करडा उजेड दिसला, मग पिवळं हेल्मेट, मग राजकुमार. मागे लोखंडी परांचीचे खांब. त्याने पाठ एका खांबाला टेकवली होती आणि एक गुडघा जरासा वाकवला होता. खेमसिंगला ते उभं राहणं बघवेना. गालफडं बसली होती. तिशीचं पोर, पण पापण्या म्हाताऱ्या माणसासारख्या जड झाल्या होत्या.

"याडी, काय झालं? या वक्ती फोन?" आणि मग त्याला समोर कोण आहे ते दिसलं. तो सरळ उभा राहिला. "बा?"

"नोट भेटली," खेमसिंग म्हणाला. दुसरं काय बोलावं हे त्याला सुचलं नव्हतं. "पुसदले नेली होती. दहाची हाय. जुनी. राजाची."

"हाव."

"कायले पाठोली?"

राजकुमारच्या मागून कोणीतरी परक्या भाषेत हाका मारत होतं. त्याने मान वळवून हात केला आणि पुन्हा इकडे बघितलं.

"रविवारी बाजार भरते अठी, जुन्या सामानाचा. तठी दिसली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "बा, तुमच्या त्या अल्बमात ज्यानं ज्यानं तुमाले फसोलं, त्या साऱ्यायची एकेक नोट हाय. माही नव्हती. म्हटलं, माहीही लावून द्या. लहानशी हाय, जागा नाई लागत."

हंसाबाईने तोंडाला पदर लावला. भेट म्हणून आलेली नोट असंच तीही समजत होती.

खेमसिंगला खूप बोलायचं होतं. स्टँडवरचं ते वाक्य परत घ्यायचं होतं, पण चारचौघांत टाकलेलं वाक्य फोनवर कसं परत घेतात हे त्याला येत नव्हतं. त्याने पुठ्ठा उघडला. प्लास्टिकच्या पाकिटातून ती नोट बोटाच्या टोकाने बाहेर काढली, फोनसमोर धरली, म्हणजे मुलाला दिसेल. मग सदऱ्याची वरची दोन बटणं काढली, आत हात घातला आणि ती नोट बनियनच्या खिशात ठेवली.

"हे बॅगेतलं नोहे," तो म्हणाला. "आपलं हाय."

पलीकडे राजकुमार बघत राहिला. हा कंडक्टरचा पोरगा होता. त्याने हेल्मेट काढलं, बाहीने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. तिकडून कोणीतरी पुन्हा हाक मारली, पण या वेळी त्याने मागे बघितलं नाही.

"बा," तो म्हणाला, "तुमी बसून काहून हाय? पाय दुखून राह्यले काय?"

"हाव," खेमसिंग म्हणाला. "दुखून राह्यले. तुहे?"

"माहेबी."